कोऱ्या कॅसेटी : जपायच्या की भरायच्या?

१९७९ साली टीडीके या जपानी कंपनीने ‘एमए-आर’ नावाची कोरी कॅसेट बाजारात आणली. तिची चौकट साच्यात ओतलेल्या धातूची होती, दोन्ही अंगांना पारदर्शक झाकणं आणि आत त्या काळातली सगळ्यात वरच्या प्रतीची मेटल फीत. नेहमीच्या कॅसेटच्या मानाने ती हाताला चांगलीच जड लागते. आज ही कॅसेट सीलबंद मिळाली तर घेणारा तिचं वेष्टनही फाडत नाही. काचेच्या कपाटात ठेवतो, आल्यागेल्याला दाखवतो, संपलं. अगदी दुसऱ्या टोकाला वेगळीच मंडळी आहेत. पुण्याच्या जुन्या बाजारातून नाहीतर मुंबईच्या चोरबाजारातून ती पिशवीभर वापरलेल्या कॅसेटी उचलून आणतात, आधीचं पुसतात आणि वर आपल्या आवडीचं भरतात. पहिल्यांना दुसरे रानटी वाटतात आणि दुसऱ्यांना पहिले वेडे.

जुन्या कोऱ्या कॅसेटींचा छंद गेल्या काही वर्षांत पुन्हा बाळसं धरतो आहे. त्याबरोबर समजुतीही वाढल्या आहेत. चाळीस वर्षं पडून राहिलेल्या फितीवर आज भरलेलं नीट उमटतं का? महाग फीत म्हणजे चांगला आवाज, हे कितपत खरं? नावाजलेल्या कंपनीची कॅसेट डोळे झाकून घ्यावी का? आणि खिशातल्या मोबाइलवर हवं ते गाणं वाजत असताना हा उपद्व्याप करायचाच कशाला? या सगळ्याचा एकत्र विचार केला की एक गोष्ट ठळक दिसते. छंदातली सगळी चर्चा, सगळा पैसा आणि सगळी चढाओढ फितीभोवती फिरते. खरी टंचाई आहे ती यंत्राची.

आधी फितीकडे पाहू, कारण तिचा इतिहास खरोखरच मजेदार आहे. फिलिप्सच्या बेल्जियममधल्या हॅसेल्ट इथल्या कारखान्यात लू ऑटेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅसेट तयार केली आणि ऑगस्ट १९६३ मध्ये ती बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मांडली. फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर आणि वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. स्टुडिओतली मोठी स्पूलची यंत्रं सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने धावत होती, हे लक्षात घेतलं म्हणजे हे माप किती तोकडं होतं ते कळतं. पत्राचा मजकूर सांगून ठेवावा, सभेतलं भाषण टिपावं, एवढीच अपेक्षा होती. संगीतासाठी ही वस्तू केलेली नव्हती. पण सोनीने आग्रह धरल्यामुळे फिलिप्सने परवान्याचं शुल्क सोडून दिलं, जगभरच्या कंपन्या एकाच मापाच्या कॅसेटी काढू लागल्या आणि ग्रुंडिगने १९६५ मध्ये आणलेली प्रतिस्पर्धी कॅसेट मागे पडली. माप एकदा गोठलं ते गोठलंच. रुंदी वाढवता येईना, वेग वाढवता येईना. सुधारणेला जागा उरली ती फितीवरच्या लेपात आणि यंत्राच्या कारागिरीत. पुढची पंचवीसेक वर्षं जपानी, जर्मन आणि अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ या एवढ्याशा जागेत एकमेकांशी झुंजत राहिले. संग्राहक आज जे गोळा करतात ते म्हणजे या झुंजीचे अवशेष.

सुरुवातीचा लेप फेरिक ऑक्साइडचा, म्हणजे गंजाच्याच कुळातला, तांबूस तपकिरी. हाच ‘टाइप वन’ किंवा ‘नॉर्मल’. १९६८ मध्ये टीडीकेने ‘एसडी’ ही खास संगीतासाठी म्हणून केलेली फीत आणली आणि कॅसेटवर गाणं ऐकण्याजोगं होऊ शकतं हे लोकांना पटू लागलं. त्यानंतर क्रोमियम डायऑक्साइड आलं. ते शोधलं ड्यू पाँटने, कॅसेटमध्ये मनापासून वापरलं जर्मनीच्या बीएएसएफने. या लेपाला भरताना जास्त जोराचा बायस, म्हणजे आवाजाबरोबर फितीवर सोडला जाणारा उंच वारंवारतेचा प्रवाह, लागतो, पण उंच स्वर त्याला चांगले पेलतात आणि पाठीमागची सूं कमी ऐकू येते. जपान्यांना ड्यू पाँटला परवान्याचे पैसे द्यायचे नव्हते. त्यांनी फेरिक ऑक्साइडच्या कणांवर कोबाल्ट चढवून तोच परिणाम साधला. १९७५ ची टीडीकेची ‘एसए’ आणि मॅक्सेलची ‘एक्सएल-टू’ या त्याच वाटेवरच्या. डेकवर ‘क्रोम’ लिहिलेलं बटण दाबून आपण ज्या जपानी कॅसेटी भरल्या त्यांतल्या बहुतेकींत क्रोमियमचा कणही नव्हता. सोनीने ‘डुअॅड’ नावाने दोन्ही लेपांचे थर एकावर एक चढवून पाहिले. तो ‘टाइप थ्री’ फार काळ टिकला नाही, आणि त्याच्या आठवणीत रमण्यासारखंही फारसं काही नाही. दशक संपता संपता थ्रीएमने ‘मेटाफाइन’ आणली : ऑक्साइड नाही, शुद्ध धातूचे कण. हा ‘टाइप फोर’. फेरिक फितीचं चुंबकत्व हलवायला साधारण ३०० ते ४०० ऑर्स्टेड पुरतात, मेटलला १,००० च्या पुढे लागतात. म्हणून मेटल भरायला डेकचं हेडही तेवढंच दमदार हवं, आणि पुसायलाही.

या चढत्या भाजणीवरून लोक एक सरळ निष्कर्ष काढतात, की मेटल सर्वांत चांगली, मग क्रोम, शेवटी नॉर्मल. दुकानातल्या किमतीही तसंच सांगत होत्या. प्रत्यक्षात मधल्या प्रतीच्या डेकवर चांगली फेरिक कॅसेट अनेकदा मेटलपेक्षा समाधानकारक वाजते. टीडीकेची ‘एडी’ किंवा मॅक्सेलची ‘एक्सएल-वन’ ही फेरिक घराण्यातली मंडळी खालच्या आणि मधल्या पट्टीत भरघोस आवाज पेलतात, आणि आपल्या गाण्याचा प्राण तिथेच तर असतो. तंबोरा, पखवाज, पुरुषी आवाजातला विलंबित ख्याल यांना १६ हजार हर्ट्झच्या वर फारसं काम नसतं. मेटलची खरी कमाई झांज, सतार आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या कडकडाटात दिसते. एरवी तो महागडा दिमाख.

लांबीचंही असंच आहे. सी-६० मधली फीत साधारण १८ मायक्रॉन जाड असते, सी-९० मधली १२ च्या आसपास आणि सी-१२० मधली ९. दोन तास मावतात या मोहाने सी-१२० घेणाऱ्यांच्या घरीच फीत यंत्रात गुंतण्याचे प्रसंग जास्त घडले. संग्रहासाठी हवी तर ठेवा, भरण्यासाठी तिच्या वाटेला जाऊ नये.

आता मुख्य शंकेकडे येऊ. जुनी फीत खराब होते का? स्पूलच्या काळातल्या काही फितींचा इतिहास फार वाईट आहे. अॅसिटेटच्या फितींना व्हिनेगरचा वास सुटून त्या ठिसूळ होतात. १९७०-८० च्या दशकांतल्या काही नामांकित स्टुडिओ-फितींचा लेप धरून ठेवणारं रसायन हवेतली ओल शोषून चिकट झालं. त्या भाजल्याशिवाय वाजवता येत नाहीत, आणि भाजणं म्हणजे खरोखरच हलक्या उष्णतेत तासन्‌तास ठेवणं. कॅसेटींच्या बाबतीत सुदैवाने हा रोग विरळ आहे. कॅसेटच्या फितीचा पाया पॉलिएस्टरचा, तो सहसा दगा देत नाही. कोरड्या जागी राहिलेली चांगल्या कंपनीची १९८० च्या दशकातली सीलबंद फेरिक कॅसेट आज उघडून भरली तर ती नवी असताना वाजली असती त्याच्या अगदी जवळपास वाजते. खऱ्या क्रोमच्या काही जुन्या फिती वयानुसार उंच स्वर थोडे गमावतात, असं अनेक संग्राहक सांगतात. क्रोमियम डायऑक्साइड रासायनिकदृष्ट्या तितकं स्थिर नाही, त्यामुळे ते पटण्यासारखंही आहे.

बिघडतं ते फितीभोवतीचं सामान. फितीला हेडवर दाबून धरणारी छोटीशी गादी चांगल्या कॅसेटीत पितळी पट्टीवर चिकटवलेल्या फेल्टची असते, स्वस्त कॅसेटीत नुसत्या स्पंजवर बसवलेली. स्पंजाचा चुरा होतो, फेल्टचा गोंद सुटतो आणि आवाज एकाएकी घोगरा, खोलवरून आल्यासारखा येऊ लागतो. लोक म्हणतात फीत मेली. ती जिवंत असते, गादी मेलेली असते. सुरुवातीच्या पारदर्शक पट्टीचा जोडही वाळून सुटतो. पाच स्क्रूंची कॅसेट उघडून हे दोन्ही दुरुस्त करता येतं. कडा वितळवून जोडलेली कॅसेट मात्र फोडावी लागते आणि फीत दुसऱ्या कवचात हलवावी लागते. संग्राहक स्क्रूवाल्या कॅसेटींना मान देतात तो उगाच नाही. जुनी कॅसेट भरायच्या आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून घ्यावी. वर्षानुवर्षं एकाच स्थितीत घट्ट बसलेली गुंडाळी त्याने सैल होते. पेन्सिल घालून फिरवण्याची विद्या ज्यांना बालपणीच अवगत झाली, त्यांना हे सांगायची गरज नाही.

आपल्याकडचा मोठा शत्रू वेगळा आहे, तो म्हणजे पाऊस. मुंबई, कोकण, गोव्यात चार महिने भिंतींना ओल असते आणि कपाटातल्या कॅसेटींच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरट बुरशी धरते. खिडकीतून पाहिलं की ठिपके किंवा धुरकट कडा दिसते. अशी कॅसेट थेट डेकमध्ये घालणं म्हणजे हेडला, रोलरला आणि त्यानंतर लावलेल्या प्रत्येक कॅसेटला लागण करणं. जपान, युरोपातल्या संग्राहकांचे सल्ले वाचून इथे कॅसेटी जपणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवायला हवा. त्यांच्याकडे ‘मूळ वेष्टनात, अंधारात ठेवा’ एवढं पुरतं. आपल्याकडे बंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर असलेलं कपाट लागतं. पुड्या दरवर्षी बदलाव्या किंवा गरम करून सुकवाव्या. डांबराच्या गोळ्या नकोत. चुंबकांची भीती मात्र लोक गरजेपेक्षा जास्त बाळगतात. स्पीकरच्या अगदी पाठीला टेकवून ठेवली नाही म्हणजे झालं.

खरेदीतल्या फसवणुकीबद्दल थोडं बोलायला हवं. नावावर जाऊ नये, हा पहिला नियम. १९९० नंतर कंपन्यांनी एकेक करून कारखाने आवरले, माल दुसऱ्यांकडून बनवून घेतला आणि तीच नावं चालू ठेवली. टीडीकेने २००७ मध्ये हा धंदा आपलं नाव वापरण्याच्या परवान्यासह इमेशन या अमेरिकी कंपनीला विकला. त्यानंतरच्या ‘डी’ या साध्या फेरिक कॅसेटवर लिहिलेलं नाव तेच, पण आतली फीत जुन्या ‘डी’ची नव्हे. म्हणून जाणकार नावाबरोबर साल, देश आणि वेष्टनाची छपाई पाहतात. दुसरा प्रकार उघड लबाडीचा. भारतात १९८०-९० च्या दशकांत सोनी, टीडीकेच्या डुप्लिकेट कॅसेटींचा सुळसुळाट होता. त्या वेळी ‘फॉरेनचा माल’ म्हणून हौसेने घेतलेल्या आणि आजही घरात सीलबंद पडलेल्या कॅसेटीत अस्सल किती, हे उघडल्याशिवाय सांगणं अवघड आहे. तिसरा प्रकार नवा : वापरलेली कॅसेट पुसून तिला पुन्हा प्लास्टिक चढवायचं. मोठ्या कंपन्यांचं वेष्टन सिगारेटच्या पाकिटासारखं टोकांना घडी घालून चिकटवलेलं असायचं, फाडायला बारीक पट्टी असायची. गरम हवेने आवळलेलं, कडेला शिवण दिसणारं प्लास्टिक दिसलं तर हात आखडता घ्यावा.

इतकं सगळं जपून केलं, उत्तम फीत मिळवली, पुढे काय? इथे छंदाची गाडी हुकते.

कॅसेटवर एक बाजू ऐकताना फितीची निम्मी रुंदी वापरली जाते आणि त्यातही डावा आणि उजवा असे दोन पट्टे, प्रत्येकी सुमारे ०.६ मिलिमीटर. १० हजार हर्ट्झचा स्वर या वेगाला फितीवर ४.७६ मायक्रॉनची एक लाट उमटवतो. केसाच्या जाडीत अशा दहाबारा लाटा सहज मावतील. ही लाट वाचणारं हेड फितीशी काटकोनात हवं. ते किंचित जरी कललं तरी उंच स्वर गळून पडतात. जुने मेकॅनिक हेडच्या बाजूचा स्क्रू फिरवून ‘आवाज खुलवत’ ते याच कारणाने. एका डेकवर भरलेली आणि दुसऱ्यावर वाजवलेली कॅसेट मुकी वाटली, तर दोघांपैकी एकाचं हेड वाकडं आहे. महाग फितीने हा दोष झाकला जात नाही, उलट उघडा पडतो.

दुसरी गोष्ट बायसची. प्रत्येक डेक कारखान्यातून निघताना एका ठरावीक फितीला जुळवलेला असतो. जपानी डेकमध्ये टाइप टूसाठी ती बहुधा टीडीके ‘एसए’सारखी असे. तुमच्याकडची दुर्मीळ फीत त्या जुळणीपासून दूर असेल तर ती कर्कश तरी वाजेल किंवा बसकी. त्यातून डॉल्बी लावलं असेल तर चूक वाढते. रे डॉल्बी यांची १९६८ ची ‘बी’ पद्धत सूं सुमारे १० डेसिबेलने कमी करते, नंतरची ‘सी’ २० ने. भरताना आणि ऐकताना पातळी अचूक जुळली तरच दोन्हींचं गणित सुटतं. तीन हेडांचे, बायस आणि पातळी बाहेरून जुळवता येणारे डेक असतील तर फितीचे लाड करण्यात अर्थ आहे. नाकामिची या जपानी कंपनीने १९७३ मध्ये ‘१०००’ आणि १९८२ मध्ये ‘ड्रॅगन’ हे डेक काढून हे कुठवर नेता येतं ते दाखवलं. ‘ड्रॅगन’ तर वाजवताना हेडचा कोन आपोआप जुळवून घेतो.

आणि हे डेक आता म्हातारे झाले आहेत. रबरी बेल्ट वितळून काळ्या चिकट राळेसारखे पुलीला लागलेले, पिंच रोलर कडक झालेला, ग्रीस गोठलेलं, कपॅसिटर सुकलेले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अजून बेल्ट मिळतात आणि ते बसवणारी माणसंही, पण हेड झिजलं तर बदली हेड मिळणं जिकिरीचं. बाजारात जे नवे वॉकमन आणि टू-इन-वन येतात त्यांतल्या बहुतेकांच्या आत तनाशिन या जपानी कंपनीच्या एका स्वस्त रचनेची चिनी नक्कल असते. तिला डॉल्बी नाही, क्रोम किंवा मेटल भरण्याची सोय नाही, वेग डळमळतो. अशा यंत्रावर एमए-आर लावणं हा त्या कॅसेटचाही अपमान आहे. म्हणून या छंदात नव्याने येणाऱ्याने पैसे कुठे घालावे याबद्दल माझं मत पक्कं आहे. आधी एक चांगला जुना डेक घ्यावा आणि तो जाणकाराकडून पूर्ण दुरुस्त करून घ्यावा. उरलेल्या पैशात फेरिकच्या सी-६० आणि सी-९०. मेटलचा विचार दोन वर्षांनी.

वेगाच्या गोंधळाचा आपल्या संगीताला बसणारा फटका जास्त जाणवणारा आहे. यंत्र १ टक्का वेगात चुकलं तर स्वर सुमारे १७ सेंटने (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट) सरकतो, ६ टक्के चुकलं तर अख्ख्या अर्ध्या स्वराने. म्हणजे काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये ऐकू येतो, आवाज पातळ होतो आणि ताना उगाच चपळ वाटतात. खासगी बैठकींची जी ध्वनिमुद्रणं रसिकांच्या हातून हातात फिरली, त्यांत हा दोष सर्रास आहे. बॅटरी उतरत चाललेल्या टेपवर भरलेलं असेल तर आरंभ आणि शेवट यांचा षड्जसुद्धा वेगळा निघतो. गवयाच्या गळ्याविषयी मतं बनवण्याआधी एकदा तंबोऱ्याशी ताडून पाहावं.

पण याच बैठकींमुळे कोऱ्या कॅसेटीचा आपल्याकडचा इतिहास मोलाचा ठरतो. जुन्या तबकडीला साडेतीन मिनिटांची मर्यादा होती, एलपीच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटांची. सी-९० ची एक बाजू ४५ मिनिटांची, म्हणजे एक विलंबित ख्याल आणि त्यापाठची द्रुत चीज सुटसुटीत बसते. पुण्या-मुंबईत आणि धारवाडपर्यंतच्या गानरसिकांनी गायकाच्या संमतीने, कधी कानाडोळ्याने, मायक्रोफोन समोर ठेवून तासन्‌तास भरलं. कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर यांचं जे गाणं कंपन्यांनी कधी छापलं नाही, ते या कॅसेटींमधून टिकलं. अमेरिकेत ‘ग्रेटफुल डेड’ या बँडच्या चाहत्यांनी हेच केलं, आणि बँडने १९८४ पासून मैफलीत भरणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखली. त्यांच्या देवाणघेवाणीत मॅक्सेल ‘एक्सएल-टू’ची सी-९० हे जणू चलनी नाणं होतं. आपल्याकडे अशी अधिकृत जागा नव्हती, पण अदलाबदलीचे अलिखित नियम होते. मूळ कॅसेट द्यायची नाही, प्रत द्यायची, आणि बदल्यात तितकंच दुर्मीळ काही घ्यायचं. दर प्रतीगणिक सूं वाढत जाते. तिसऱ्या-चौथ्या प्रतीवर बागेश्री ऐकणाऱ्यांनी पाऊस ऐकतच बागेश्री ऐकली.

भरलेल्या कॅसेटींची व्यापारी बाजूही इथे वेगळी होती. तबकड्यांच्या काळात भारतीय बाजारावर एचएमव्हीची जवळजवळ एकहाती सत्ता होती. १९८० च्या दशकात आखातातून येणाऱ्या माणसाच्या सामानात नॅशनल पॅनासोनिकचा टेप आणि जपानी कोऱ्या कॅसेटी येऊ लागल्या. देशात टी-सीरिजने स्वस्त कॅसेटींचा पूर आणला आणि मक्तेदारी मोडली. अमेरिकी अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात उत्तर भारतातली ही उलथापालथ तपशिलाने मांडली आहे. महाराष्ट्रातही तेच घडलं. भीमगीतं, शाहिरी, कोळीगीतं, कीर्तन, लोकनाट्य यांना मोठ्या स्टुडिओची पायरी न चढता श्रोते मिळाले. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज खेडोपाडी पोचला तो कॅसेटवरून. पुण्यात अलूरकर म्युझिक हाउसने पु. ल. देशपांड्यांचं कथाकथन आणि अभिजात संगीत कॅसेटवर आणलं. शिवाय गल्लोगल्ली ‘कॅसेट भरून देणारी’ दुकानं होती. गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट द्यायची, आठवड्याने भरलेली न्यायची. त्या याद्यांवरून एकेका घराची आवडनिवड उलगडते. त्या दुकानात वापरलेल्या टी-सीरिज किंवा मेलट्रॅकच्या देशी कॅसेटींना आज संग्राहकांच्या बाजारात कवडीची किंमत नाही, जपानी मालालाच भाव. हे मला पटत नाही. आपल्या देशात बनलेल्या कोऱ्या कॅसेटींची वेष्टनं, छपाई, साल, कारखाना यांची नीट नोंद कुणीतरी करायला हवी. एमए-आरची नोंद जगभर शेकडो जणांनी करून ठेवली आहे.

कायद्याचा भाग थोडक्यात. घरी भरलेल्या कॅसेटींनी संगीत कंपन्या घाबरल्या. ब्रिटनमध्ये १९८१ च्या सुमारास घरी गाणी भरण्याविरुद्ध कवटीचं चिन्ह वापरून मोहीमच निघाली. ‘डेड केनेडीज’ या अमेरिकी बँडने तिची टर उडवत आपल्या कॅसेटची दुसरी बाजू मुद्दाम कोरी सोडली आणि ग्राहकांना ती भरायला सांगितलं. जर्मनीने शहाणपणाचा तोडगा काढला. १९६५ पासून ध्वनिमुद्रण यंत्रावर आणि १९८५ पासून कोऱ्या फितीवर छोटी आकारणी करून ते पैसे कलावंतांकडे वळवले. भारतीय कायदा खासगी वापराला सवलत देतो, विक्रीला देत नाही. छंदापुरतं इतकं पुरे.

नवी फीत मिळतच नाही, ही समजूतही चुकीची आहे. अमेरिकेत मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डची नॅशनल ऑडिओ कंपनी आणि फ्रान्सची म्युलान या दोघी नवी फेरिक फीत बनवतात. जपानमध्ये मॅक्सेलची ‘यूआर’ दुकानात मिळते. नव्याने बनणाऱ्या क्रोम आणि मेटल फितीचा मात्र मागमूस नाही. त्यामुळे जुन्या साठ्याला खरी किंमत आहे ती या दोन प्रकारांत. फेरिकमध्ये जुन्याचा आग्रह हा निव्वळ आवडीचा भाग.

मोजमापाने पाहिलं तर साध्या सीडीचा आवाजही सर्वोत्तम कॅसेटच्या पुढे आहे, यात वाद नाही. कॅसेट भरणाऱ्याला आवाजाच्या शुद्धतेसाठी ती भरायची नसतेच. त्याला ४५ मिनिटांची हद्द हवी असते, गाण्यांचा क्रम आधी ठरवायचा असतो, भरत असताना संपूर्ण ऐकावं लागतं ते हवं असतं. हे कारण मला पुरेसं वाटतं. याउलट, सीलबंद कॅसेट कायम सीलबंदच ठेवण्याच्या बाजूने मांडले जाणारे युक्तिवाद मला कमजोर वाटतात. अपवाद दोन : ज्यांचे फार थोडे नग उरले आहेत अशा कॅसेटी, आणि ज्यांचं वेष्टनच इतिहासाचा पुरावा आहे अशा. एरवी तुमच्याकडे एकाच प्रकारच्या दहा असतील तर दोन ठेवा, आठ भरा.

वापरलेल्या कॅसेटी पुसून वापरणाऱ्यांचीही बाजू मी घेतो, पण एका अटीवर. बाजारात मिळणाऱ्या जुन्या कॅसेटीवर पेनाने काही लिहिलेलं असेल तर ती पुसण्याआधी ऐका. चित्रपटगीतं असतील तर बिनधास्त पुसा. पण त्यावर एखाद्या गावचं भारूड, जात्यावरच्या ओव्या, एखाद्या गवयाची न छापलेली बैठक किंवा नुसत्याच घरातल्या माणसांच्या गप्पागोष्टी असू शकतात, आणि ते जगात तेवढ्या एकाच फितीवर असू शकतं. असं काही सापडलं तर संगणकावर उतरवून ठेवा. लोकसंगीत किंवा शास्त्रीय संगीत महत्त्वाचं वाटलं तर गुरुग्राममध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजने १९८२ मध्ये सुरू केलेला संगीत-संग्रह आहे, मुंबईत एनसीपीए आहे. त्यांना विचारा.

आणि तुमच्या स्वतःच्या घरात, माळ्यावर किंवा गोदरेजच्या कपाटात, हाताने नाव घातलेल्या कॅसेटी असतील तर दोन कामं या पावसाळ्याच्या आत उरका. प्रत्येकीच्या पाठच्या कडेवरचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. मग चालू डेक शोधा. स्वतःकडे नसेल तर मित्राकडे, नातेवाइकाकडे, दुरुस्तीच्या दुकानात. फीत अजून बरीच वर्षं थांबेल, यंत्रं तितकी थांबणार नाहीत.